लाइनच्या पट्ट्या घ्या, खिळे मात्र बदला

अल्टिमेटला, म्हणजे फ्रिस्बीसारखी डिस्क फेकत खेळायच्या सांघिक खेळाला, पंच नसतो. कॅच इन की आउट, ते खेळणाऱ्यांनीच ठरवायचं. ज्याला पाय, डिस्क आणि लाइन एकत्र नीट दिसली त्याचा शब्द धरायचा. पण नुसत्या कोनवर (खुणेच्या प्लास्टिकच्या शंकूंवर) खेळताना दोन गोल लाइनमधल्या (एंड झोन, म्हणजे गोल करायचा टोकाचा भाग, जिथे सुरू होतो त्या लाइनमधल्या) ६४ मीटरमध्ये प्रत्येकाची साइडलाइन वेगळी! म्हणून टीमसाठी नायलॉनच्या पट्ट्यांचा हा संच मागवला.

पिवळा रंग झकास. गवतावर लांबूनही उठून दिसतो. पट्टी जेमतेम ५० मिमी रुंद आहे, जागतिक नियमांत लाइन ७५ ते १२० मिमी सांगितली आहे. तरी माझी तक्रार नाही, कारण बाहेरची लाइन स्वतःच आउट असते, म्हणजे निकाल लागतो आतल्या कडेवर. मैदानाची ३७ मीटर रुंदी मी आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मापते. (मापाच्या खुणेवर पट्टीचा मध्य ठेवणारे महाभाग आमच्याकडेही आहेत.)

फरक लगेच जाणवला. हवेत उडी मारून कॅच घेतला, एक बूट आत टेकला आणि मग वेगाच्या झोकात बाहेर गेला, तर तो इन. आता भांडण झालंच तर फक्त बूट आधी कुठे टेकला यावर होतं. तेही मिटलं नाही तर डिस्क थ्रोअरकडे परत, खेळ चालू.

खिळे मात्र अगदीच फालतू. बारीक, आखूड, भुसभुशीत मातीत चार जण धावले की वर येतात. मग पट्टी सैल पडते, आत पोट काढते आणि बुटाचं टोक अडकतं. सरकलेल्या लाइनवर कॉल द्यायचा कसा? लांब, चपट्या डोक्याचे खिळे वेगळे घ्या आणि जवळजवळ ठोका.

दुसरी खोट पेटीतच आहे. २७४ मीटरचा परीघ भरतो, दोन गोल लाइनच्या पट्ट्या वेगळ्या विकत घ्याव्या लागतात. त्या टाळू नका. गोल लाइन मधल्या मैदानात मोजतात, त्यामुळे कॅचनंतरचा पहिला स्पर्श तिला जराही न लागता पूर्ण एंड झोनमध्ये हवा. सगळ्यात कडाक्याचे वाद तिथेच होतात.

गुंडाळायची फिरकी दिली आहे, पण ओली पट्टी तिच्यावर हमखास गुंतते. आम्ही हातानेच गुंडाळतो.