मोठ्या अक्षरांचं मराठी बायबल: सात महिने फक्त संदेष्टे वाचले, त्यानंतरचा अनुभव

खरं तर आईसाठी घेतलेलं. तिला बारीक अक्षर दिसेना म्हणून मोठ्या टाइपचं, चेनच्या कव्हरचं मागवलं, आणि आलं ते एवढं जड की ती म्हणाली हे काय पोटावर ठेवून वाचू का, तूच वाच बाबा. तर सात महिने मीच वाचतोय, रोज जेवणं झाल्यावर अर्धा तास, आणि एकच विषय धरून: संदेष्ट्यांनी ज्या ज्या गर्विष्ठ राजांचं नि शहरांचं पतन सांगितलंय ती प्रकरणं.

आधी वस्तूबद्दल. अक्षर एक नंबर, चष्मा नाही लागत. कागद मात्र फार पातळ, यशयाच्या १४ व्या अध्यायात बाबेलचा (म्हणजे बॅबिलोनचा) राजा म्हणतो ना मी आकाशात चढेन, माझं आसन ताऱ्यांच्या वर नेईन, मी परात्परासारखा होईन, असं पाच वेळा मी-मी, तिथे निळ्या पेनने खुणा केल्या तर त्या पाठीमागच्या पानावर उमटल्या. पेन्सिलच वापरा. खूणफीत दोन महिन्यांत उसवली.

या अध्यायाबद्दल आणखी एक, लहानपणी संडेस्कूलला आम्हाला हा सैतानाचा किस्सा म्हणून शिकवलेला. पण चौथ्या वचनातच सरळ लिहिलंय की हे बाबेलच्या राजाला टोमणे मारणारं गाणं आहे. पहाटेच्या ताऱ्याला लॅटिन भाषांतरात लुसिफर हा शब्द आला आणि पुढे तेच सैतानाचं नाव होऊन बसलं. मी पस्तीस वर्षं हे पान उघडून नीट वाचलं नव्हतं, दोष कुणाला देणार.

मला वाटलेलं सगळीकडे एकच निघेल, गर्वाचं घर खाली, झालं. पण यहेज्केल २७ ला मी अडकलो तो जवळजवळ महिनाभर. कारण असं की मी न्हावाशेवा बंदराला एका सीएचएच्या, म्हणजे कस्टम्सची कामं करणाऱ्या एजंटच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशनला आहे, दिवसभर पॅकिंग लिस्ट, मेनिफेस्ट म्हणजे जहाजावरच्या मालाची यादी, बीएल म्हणजे मालाची जहाज-पावती, आणि इथे घरी पुस्तक उघडतो तर समोर मेनिफेस्टच! सोर हे बंदराचं शहर, त्याला यहेज्केल जहाजच करून टाकतो. फळ्या सनीरच्या, डोलकाठी लबानोनच्या गंधसरूची, वल्ही बाशानच्या अल्लोनची (ओक), शीड मिसरच्या (इजिप्तच्या) तागाच्या कापडाचं, वल्हवणारे सीदोन आणि अर्वदचे. मग माल: तार्शीशकडून चांदी, लोखंड, कथील, शिसं, कुठून घोडे नि खेचरं, कुठून हस्तिदंत, यहूदाकडून गहू, मध, तेल, दमास्कसकडून द्राक्षारस आणि लोकर. आणि त्याच यादीत मधेच, काही विशेष न बोलता, माणसं. विकायला. तिथे मी पुस्तक बंद करून जरा गॅलरीत जाऊन आलो.

आणि मग एक पूर्वेचा वारा सुटतो आणि एवढं सगळं भर समुद्रात फुटतं, एका वचनात माल, खलाशी, भेगा बुजवणारे, व्यापारी सगळे तळाला. पण यहेज्केल खूश होत नाही बघा, हे विलापगीत आहे. बाकीच्या जहाजांवरचे नावाडी किनाऱ्यावर उतरून डोक्यात धूळ घालून रडतात. शिव्या देणाऱ्या माणसाने शीड कोणत्या कापडाचं हे एवढं प्रेमाने कशाला सांगितलं असतं? सोर देखणं होतं, कामात हुशार होतं, हे तो मान्य करतो, आणि गर्व धरला तोही त्या खऱ्या हुशारीवरच. पुढच्या अध्यायात सोरचा अधिपती मी देव आहे म्हणतो ते त्या व्यापारातल्या पैशामुळेच.

मला सगळ्यात आवडलेली जागा मात्र २९ वा अध्याय. आधी २६ मध्ये सांगितलेलं की बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर येऊन सोर लुटेल. इथे यहेज्केल स्वतःच लिहितो की त्याच्या सैन्याची डोकी टक्कल पडेपर्यंत आणि खांदे सोलेपर्यंत मेहनत झाली, तरी मजुरी हाती काहीच आली नाही, म्हणून देव त्याला मिसर देतो. तो वेढा १३ वर्षं चालला असं जोसेफस हा पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार सांगतो. पुढे इ.स.पू. ३३२ मध्ये अलेक्झांडरने जुन्या गावाचा राडारोडा समुद्रात टाकून बेटापर्यंत रस्ता बांधला आणि ७ महिन्यांत सोर घेतलं. त्या रस्त्याला गाळ साचत साचत बेटाचं द्वीपकल्प झालं. आज लेबनॉनमध्ये तिथे सूर नावाचं शहर आहे, माणसं राहतात, बंदर आहे. मग २६ मधल्या ‘पुन्हा बांधली जाणार नाहीस’ या वचनाचं काय, यावर लोक पानंच्या पानं भांडतात. मला त्यात पडायचं नाही, मला २९ व्या अध्यायाचा प्रामाणिकपणा पुरे आहे.

दानीएल ४ पटकन झाला. राजवाड्याच्या गच्चीवर फिरताना नबुखद्नेस्सरचं ‘ही थोर बाबेल मीच बांधली ना’, आणि पुढे बैलासारखं गवत खाणं, नखं पक्ष्यांसारखी. खरा मजा आणणारा भाग वाचनाबाहेरचा आहे, नबुखद्नेस्सरच्या विटांवर त्याचं नाव छापलेलं असायचं, तशा विटा आजही म्युझियममध्ये आहेत. आणि १९८० च्या दशकात सद्दाम हुसेनने तीच बाबेल परत बांधायला काढली तेव्हा विटांवर स्वतःचं नाव छापून घेतलं. दानीएल वाचलेला कुणी सल्लागार नसावा जवळ.

ओबद्या फक्त २१ वचनांचा. अदोम हे राष्ट्र कड्याकपारीत राहतं, मला खाली कोण आणणार म्हणतं, पण त्याच्यावर सगळ्यात मोठा आरोप हा की शेजारचं यरुशलेम पडताना उभं राहून मजा बघितली. हे वाचल्यावर मागच्या वर्षी आमच्याकडचा एक फार आखडू मॅनेजर नोकरीतून गेला तेव्हा कँटीनमध्ये मी चहा पाजलेला ते आठवलं. कटिंग नाही, फुल.

सध्या यिर्मया ४८ ला आहे, मवाब या राष्ट्राचं. कधी एका भांड्यातून दुसऱ्यात न ओतलेला, स्वतःच्या गाळावर निवांत बसलेला द्राक्षारस, असं त्याला म्हटलंय. आणि त्याच मवाबसाठी हे सांगणाऱ्याचं काळीज पाव्यासारखं रडतंय.

अक्षराला पाच, कागदाला दोन, बांधणीला तीन स्टार. नकाशे जोडलेले आहेत पण त्यात सोर शोधायला भिंग लागतं, तेव्हा नकाशा मोबाईलवर उघडून बाजूला ठेवा. आईसाठी शेवटी चार वेगळ्या भागांतलं हलकं पुस्तक आणलं, ती स्तोत्रसंहिता वाचतेय.