विंगेट आठ महिने वापरल्यावर काय वाटतं

विंडोजवरच्या अ‍ॅपचे अपडेट आठ महिन्यांपासून मी विंगेटनेच (कमांड टाइप करून सॉफ्टवेअर टाकायचं आणि अपडेट करायचं मायक्रोसॉफ्टचं टूल) करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी कसं व्हायचं, काम चालू असताना मध्येच 'नवीन व्हर्जन आलंय' असं यायचं, मी 'नंतर' दाबायचो आणि ते राहूनच जायचं. फाइल झिप करायचं सेव्हन-झिप तर अपडेट आलाय हे स्वतःहून सांगतच नाही. पहिल्यांदा 'विंगेट अपग्रेड' टाइप केलं तर यादीत 23 अ‍ॅप, त्यातली काही दोन-दोन वर्षं जुनी, खरंच धक्का बसला.

वेगळं काही टाकावं लागलं नाही, विंडोज 11 मध्ये ते असतंच. त्याच कमांडपुढे दोन डॅश देऊन 'ऑल' लिहिलं की सगळे अपडेट एकामागून एक होत जातात.

पण 'ऑल'वर डोळे झाकून एंटर मारू नका हे मनापासून सांगतो. तिसऱ्या महिन्यात मी तेच केलं, ऑडिओ एडिटिंगचं एक सॉफ्टवेअर नव्या व्हर्जनवर गेलं आणि माझं रोजचं प्लगइन त्यात चालेना, काम दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. शेवटी ते काढून, जुना व्हर्जन नंबर देऊन परत इन्स्टॉल केलं, अर्धा दिवस गेला. तेव्हा 'विंगेट पिन अ‍ॅड' कळलं. अ‍ॅप पिन केलं की 'ऑल' त्याला हात लावत नाही, आपण नाव देऊन सांगितलं तरच अपडेट होतं. ही सोय मला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवी होती.

मधेच कधीतरी 'हॅश जुळत नाही' (हॅश म्हणजे फाइलवरून काढलेला ओळख-कोड) म्हणून अपडेट थांबतं. आधी चिडचिड व्हायची, मग समजलं की इन्स्टॉलर ज्याच्या त्याच्या मूळ साइटवरून उतरतो आणि विंगेटकडे त्या फाइलचा फक्त हॅश नोंदवलेला असतो, लिंक तीच ठेवून कुणी फाइल बदलली की दोन्ही जुळत नाहीत. ही तपासणी बंद करता येते पण मी करत नाही, नोंद सुधारेपर्यंत थांबतो.

ज्या अ‍ॅपचं व्हर्जन 'अननोन' दिसतं ती नुसत्या 'ऑल'मध्ये वगळली जातात, ती हातानेच बघतो. परवानगीची खिडकी बऱ्याच अ‍ॅपला येते, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) अ‍ॅडमिन म्हणून उघडलं तर येत नाही, पण मग काही इन्स्टॉलर अ‍ॅडमिनमध्ये चालतच नाहीत, ते साध्या टर्मिनलमधून करायचे.

नवीन लॅपटॉप घेतला तेव्हा मात्र 'एक्सपोर्ट'ने फार वेळ वाचवला, जुन्यावरची यादी फाइलमध्ये काढली, नव्यावर 'इम्पोर्ट' केली आणि बहुतेक सगळी अ‍ॅप आली, सेटिंग तेवढं परत लावावं लागलं. विंडोजचे स्वतःचे अपडेट यात येत नाहीत, ते सेटिंगमधूनच. आता दर शनिवारी आधी यादी वाचतो, उघडी अ‍ॅप बंद करतो आणि मगच 'ऑल'.