फूडनेट फास्ट : आकडे भरवशाचे, पण वाचायचे जपून

अन्नातून होणारे संसर्ग खरोखर वाढताहेत की घटताहेत, हे सांगू शकणारी साधने मोजकीच आहेत. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचे 'फूडनेट फास्ट' हे ऑनलाइन साधन त्यांपैकी एक, आणि ते फुकट आहे. जंतू निवडा, वर्षे निवडा. वय, लिंग, महिना यांप्रमाणे तक्ते समोर येतात.

त्याची खरी ताकद त्यामागच्या 'फूडनेट' या नोंदणी यंत्रणेत आहे. प्रयोगशाळा कळवतील तेव्हा नोंद, असा इथे मामला नाही. कर्मचारी स्वतः प्रयोगशाळांकडे पाठपुरावा करतात, सुटलेले रुग्ण शोधून काढतात. तिच्या कक्षेत ७ पूर्ण राज्ये आणि ३ राज्यांतल्या काही काउंटी (जिल्ह्यांसारखे विभाग) येतात, म्हणजे देशाची साधारण १५ टक्के लोकसंख्या. लोकसंख्या ठरलेली, म्हणून लाखामागे दर निघतो. २०१९ मध्ये कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला या जिवाणूंचे दर लाखामागे अनुक्रमे १९.५ आणि १७.१ होते.

पहिली चूक होते ती नुसती रुग्णसंख्या पाहण्याची. १९९६ मध्ये फूडनेटमध्ये ५ ठिकाणे होती, २००४ पर्यंत १० झाली. संख्या फुगणारच, तुलना दराचीच करा.

दुसरा घोळ जास्त फसवा आहे. पूर्वी शौचाचा नमुना कल्चरला लावत, म्हणजे त्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखत. आता पीसीआर पॅनेल ही जंतूंचे जनुकीय अंश शोधणारी चाचणी एकाच नमुन्यात अनेक जंतू काही तासांत तपासते. ज्यांची तपासणी डॉक्टरांनी एरवी मागितलीच नसती असे येर्सिनिया, सायक्लोस्पोरा हे जंतू त्यात आपसूक सापडतात आणि आलेख चढतो; आजार तेवढा वाढलेला असेलच असे नाही. शिवाय पॅनेलवर जिवंत जंतू हाती लागत नाही. मग साल्मोनेलाचा सिरोटाइप, म्हणजे नेमका उपप्रकार, कळत नाही, कोणते प्रतिजैविक चालेल तेही नाही. त्यासाठी पॉझिटिव्ह नमुना पुन्हा कल्चरला लावावा लागतो. कल पाहताना कल्चरने सिद्ध झालेले आणि फक्त पॅनेलवर आलेले रुग्ण वेगळे धरा.

दर म्हणजे एकूण आजारीही नव्हेत. डॉक्टरकडे गेला, नमुना दिला, तपासणी झाली, तोच मोजला जातो. २०११ च्या अंदाजानुसार साल्मोनेलाच्या एका सिद्ध रुग्णामागे सुमारे २९ जण आजारी असतात.

जुलै २०२५ पासून फूडनेटमध्ये साल्मोनेला आणि शिगा टॉक्सिन हे विष तयार करणारे ई. कोलाय एवढ्यांचीच नोंद सक्तीची राहिली. लिस्टेरिया हा जिवाणू गर्भवतींना किती घातक असतो हे माहीत असताना तिथे त्याची नोंद ऐच्छिक करणे चुकीचेच. साल्मोनेलासाठी हे साधन आजही बिनधास्त वापरा. लिस्टेरिया, कॅम्पिलोबॅक्टरचा आलेख मात्र २०२४ पर्यंतच धरा.