तोरड्यांचा डाग अन् मास्तरीण सोनार
आजीच्या तुटक्या तोरड्या घेऊन दारव्ह्याकडच्या एका दुकानात गेलो तं तिथं डिझाइन कॉलेजात शिकवणारी ताई सुट्टीत वडिलांच्या ऐरणीवर बसते, चांदीकामावरच पीएचडी चालू हाय म्हणे. आधी फोटो काढले, वजन लिहिलं, कोणी घडवल्या ते आजीले इचारलं, मंग डाग लावला, म्हंजे तुटलेली जागा झाळून जोडली. मले वाटलं कायले एवढा कुटाणा बाप्पा! पण शुद्ध चांदी नरम म्हणून ९२.५ टक्के चांदीत ७.५ टक्के तांबं घालतात, ठोकून कडक झाली का तापवून परत मऊ करतात, हे तिनं माह्या हातात हातोडी देऊनच दाखवलं. जोड दिसतच नाही. मजुरी ठीक. दोन महिने लावले मात्र, फोनबी उचलत नाही, लग्नाची घाई असन तं दुसरीकडं जा.