सॅम्नाइट की कांताब्री: आधी कोणाकडे वळावं?

रोमशी भिडलेल्या डोंगरी लोकांपैकी एकाच्याच इतिहासात नीट शिरायला सवड असेल, तर निवड बहुधा या दोघांत येऊन ठेपते: इटलीच्या अपेनाइन रांगेतले सॅम्नाइट आणि उत्तर स्पेनमधले कांताब्री. माझीही तिथेच आली होती.

ओढ आधी कांताब्रींची लागते, हे मान्य. युद्ध आटोपशीर, इ.स.पू. 29 ते 19. खुद्द रोमचा सम्राट ऑगस्टस मोहिमेवर आला, आजारी पडून स्पेनमधल्याच ताराको शहरात परतला. शेवट त्याचा सेनापती अग्रिप्पाने केला. क्रुसावर खिळलेले कांताब्री विजयगीतं गात होते, असं ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो. वाचताना अंगावर काटा येतो.

मी अडलो ते नकाशावर. मेडुलियस डोंगराभोवती रोमनांनी सलग खंदक खणला, आत कोंडलेल्यांनी जीव द्यायला आग, तलवार आणि विष जवळ केलं, असं रोमन इतिहासकार फ्लोरस सांगतो. पण हा डोंगर कुठला, यावर अजून एकमत नाही. मी पेन्सिलीने तीन ठिकाणी खुणा केल्या आणि तिन्ही खोडल्या. चढ कुठून, पाणी कुठे हे कळल्याशिवाय मला लढाई कळत नाही. मोंते बेर्नोरिओसारख्या कांताब्रींच्या डोंगरी वस्तीच्या जागी उत्खननं झाली आहेत. तुम्हाला कदाचित तेवढं पुरेल.

सॅम्नाइटांच्या काउडियमच्या खिंडीबद्दलही वाद आहे, पण तो दक्षिण इटलीतल्या काप्वा ते बेनेव्हेंतो या पट्ट्यातला. इ.स.पू. 321 मध्ये तिथे रोमन फौज दोन्ही तोंडांनी कोंडली गेली. म्हाताऱ्या हेरेनियसने मुलाला, म्हणजे सॅम्नाइटांच्या सेनापतीला, सांगितलं: सगळ्यांना सन्मानाने सोड, नाहीतर एकालाही जिवंत ठेवू नकोस. पोराने दोन्ही ऐकलं नाही; अपमान म्हणून भाल्यांच्या जुवाखालून वाकवून त्यांना जाऊ दिलं, आणि वैर धुमसत राहिलं. रोमन इतिहासकार लिव्हीने हे तीनेक शतकांनी लिहिलं, तेव्हा जरा जपूनच घ्या.

माझा कल ठरवला तो एका नाण्याने. इ.स.पू. 91 ते 88 मध्ये सॅम्नाइट आणि इटलीतले इतर लोक रोमविरुद्ध उठले, त्या युद्धातलं चांदीचं नाणं. फोटो मोठा करून पाहिला, तर बैलाने लांडगिणीला शिंगांखाली दाबलंय. लांडगीण म्हणजे रोम. त्यावर ओस्कन या सॅम्नाइटांच्या भाषेच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे, त्यांचा सेनापती पापियस मुतिलस याचं नाव. हे कुणा रोमनाने सांगितलेलं नाही, त्यांनी स्वतः ठोकलेलं आहे. कांताब्रींकडून असं काही माझ्या हाती लागलं नाही.

मला विचाराल तर या नाण्यापासून सुरुवात करा. तिथून इ.स.पू. 82 मध्ये रोमच्या कोलाइन दरवाजापाशी झालेल्या सॅम्नाइटांच्या शेवटच्या लढाईपर्यंत जा, आणि मग मागे खिंडीकडे या.