ऑप्शनचं नाव: कॅपिटल-स्मॉल पाहायचं की सोडून द्यायचं?

देवनागरीत कॅपिटल-स्मॉलची भानगडच नाही, म्हणून असेल, पण आपल्याकडच्या पोरांना हा विषय पहिला मार बसेपर्यंत कळत नाही. मला तो पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगमध्ये बसला. कापसाच्या ओलाव्याची मर्यादा सेटिंगच्या फाइलीतून यायची (ओळीत ऑप्शनचं, म्हणजे सेटिंगचं नाव आणि त्यापुढे आकडा), फाइलीत नसेल तर कोड 12 टक्के धरायचा. मालकानं 10 करायला सांगितलं. काट्यावरच्या ऑपरेटरनं केलीही, पण कॅप्स लॉक चालू होतं, नाव कॅपिटलमध्ये पडलं. माझा कोड स्मॉल अक्षरांतलंच नाव शोधत होता आणि अनोळखी नाव दिसलं की मुकाट पुढे जायचा. दोन दिवस 11 टक्क्यांचा माल बिनबोभाट पास. "भाऊ, मी तं आकडा बदलवला होता," तो म्हणे. खरंच बदलवला होता.

आता तुम्ही असलं काही लिहीत असाल तर रस्ते तीन.

अक्षर न् अक्षर जुळलं तरच मानायचं, हा सर्वात साधा. मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये फील्डची (माहितीच्या रकान्यांची) नावं अशीच कडक असतात. फक्त प्रोग्रामरच नावं टाकणार असतील तर डोळे झाकून हेच घ्या. काट्यावरच्या माणसासाठी मात्र नको.

दुसरा रस्ता, तुलना करताना दरवेळी कॅपिटल-स्मॉल सोडून द्यायचं. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या सेटिंग फाइलीत पॅरामीटरचं (सेटिंगचं) नाव कसंही लिहा, चालतं. वापरणाऱ्याला सोयीचं, लिहिणाऱ्याला डोकेदुखी: तुलना वीस ठिकाणी असेल तर एकोणिसाव्या ठिकाणी साधी तुलना राहून जातेच. शिवाय तुर्की लोकेलमध्ये (म्हणजे कॉम्प्युटर तुर्की भाषेच्या नियमांवर लावलेला असताना) कॅपिटल 'आय' स्मॉल केला की बिनटिंबाचा होतो, मग 'लिमिट' हे नावच जुळत नाही. एसक्यूलाइट या डेटाबेसचं 'नोकेस', म्हणजे कॅपिटल-स्मॉल न पाहणारी तुलना, इंग्रजीच्या 26 अक्षरांपुरतीच चालते.

माझं मत तिसऱ्याला. नाव दारातच स्मॉल करून घ्यायचं, आत सगळीकडे कडक तुलना. पोस्टग्रेसचा एसक्यूएल पार्सर, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा वाचणारा भाग, हेच करतो. टेबल बनवताना 'फिलफॅक्टर' (पानं किती टक्के भरायची) हा ऑप्शन कोणत्याही अक्षरांत लिहून 70 द्या, घेतो. तेच नाव कॅपिटल 'एफ'नं, दुहेरी अवतरणात लिहिलं की ओळखत नाही म्हणून एरर, कारण अवतरणातल्या नावाला तो हात लावत नाही. ओरॅकल हा डेटाबेस उलट, बिनअवतरणाचं नाव कॅपिटल करतो. कोणतंही चालेल, पण एकच धरा.

यात दोन खाचखळगे. स्मॉल फक्त नाव करायचं, त्यापुढे लिहिलेली व्हॅल्यू नाही. पासवर्ड स्मॉल केला तर लॉगिनच बंद. आणि एकच नाव दोन ओळींत वेगवेगळ्या अक्षरांत आलं तर शेवटचं धरायचं की एरर द्यायची, हे आधीच ठरवा. मी एरर देतो. अनोळखी नावालाही.

त्यामुळं आता फाइलीत चूक असली की प्रोग्राम सुरूच होत नाही, आणि सकाळी सातला ऑपरेटरचा फोन येतो. बाहेर गाड्यांची लाइन, आत तो मला शिव्या घालतोय. घालू दे.