पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता, डोळ्यांनी बघायचाय? काही महिने जीडीबी वापरल्यानंतर

सी भाषेत स्ट्रिंगचे (मजकुराचे) तुकडे पाडणारा कोड बिघडला, की किंमती स्क्रीनवर छापणाऱ्या प्रिंटएफच्या ओळी टाकत बसण्यात अर्थ नाही, असं माझं ठाम मत झालंय. अंधेरीतल्या आमच्या ऑफिसात मुंबईतल्या पत्त्यांच्या मराठी फायली सी प्रोग्रॅममधून जातात. त्यासाठी गेले कित्येक महिने जीडीबी (चालता प्रोग्रॅम थांबवून त्याची मेमरी दाखवणारा डीबगर) रोज उघडलेला असतो.

एका फायलीत पत्त्याचे भाग दंडाने (।) तोडलेले होते: ‘दादर।मुंबई’. स्ट्रटॉकला (स्ट्रिंगचे तुकडे पाडणारं सी चं फंक्शन) तोच दंड डिलिमिटर, म्हणजे तोडायची खूण, म्हणून दिलेला. स्क्रीनवर मात्र नुसती प्रश्नचिन्हं. जीडीबीत ‘एक्स/12एक्सबी बफर’ (बफरमधले पहिले 12 बाइट हेक्समध्ये दाखव) दिलं आणि उलगडा झाला: ई0 ए4 ए6 00 ए4 बीई 00... यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) ‘द’ म्हणजे ई0 ए4 ए6 आणि दंड म्हणजे ई0 ए5 ए4. स्ट्रटॉक अख्खा दंड शोधत नाही, त्यातला प्रत्येक बाइट वेगळा डिलिमिटर धरतो. देवनागरीतलं झाडून सगळं, काना-मात्रासुद्धा, ई0 नेच सुरू होतं. मग शब्दाच्या चिंधड्या उडणारच. ‘प्रिंट टोकन - बफर’चं (तुकडा सुरुवातीपासून किती बाइटांवर आहे, याचं) उत्तर आलं 2, म्हणजे पहिला तुकडाच ‘द’च्या पोटातून निघालेला!

‘वॉच बफर[3]’ (तो बाइट बदलताच थांब) तर मला फारच आवडतं. प्रोग्रॅम नेमका तिथे थांबतो: जुनी किंमत उणे 32 (तोच ई0, चिन्हासकट वाचलेला), नवी 0. स्ट्रटॉक कॉपी करत नाही, मूळ स्ट्रिंगमध्येच शून्य लिहितो, हे टीममधल्या नव्या मुलांना मी असंच दाखवतो. एकदा बघितलं की स्ट्रिंग लिटरल (कोडमध्येच अवतरणात लिहिलेली, बदलता न येणारी स्ट्रिंग) दिल्यावर प्रोग्रॅम का कोसळतो, हे वेगळं सांगावं लागत नाही. एक्स86 प्रोसेसरवर असे हार्डवेअर वॉचपॉइंट (प्रोसेसरच ठेवतो ते पहारे) चारच मिळतात, त्यामुळे जपून वापरा.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. -ओ2 ने (वेगासाठी कोड बदलणाऱ्या पर्यायाने) कंपाइल केलं की हवा तो व्हेरिएबल ‘ऑप्टिमाइज्ड आउट’, म्हणून तपासताना -जी -ओ0 च (डीबगची माहिती ठेव, ऑप्टिमायझेशन नको) ठेवा. लांब स्ट्रिंग 200 घटकांवर कापली जाते. ‘सेट प्रिंट एलिमेंट्स 0’ दिलं की पूर्ण दिसते.

स्ट्रटॉक पुढची जागा स्वतःच्या आत लपवून ठेवतो, ती सहज बघता येत नाही. त्याच्याच भावंडात, स्ट्रटॉक_आर मध्ये, तो पॉइंटर आपल्या हातात असतो, प्रत्येक फेरीला प्रिंट करता येतो. तपासणीच्या सोयीसाठी एवढा एक बदल तरी जुन्या कोडमध्ये कराच. दंडासाठी आम्ही आता स्ट्रस्ट्र (अख्खा दंड एकत्र शोधणारं फंक्शन) वापरतो. स्वल्पविराम एकाच बाइटचा, तिथे अक्षरं फुटत नाहीत, पण ‘दादर,,400028’ मधला रिकामा रकाना स्ट्रटॉक गिळतो. तिथे स्ट्रसेप घ्या, तो रिकामा रकाना गिळत नाही.